कथालेखिका कॅथरीन मॅन्सफील्ड

इंग्रजी लघुकथेला विसाव्या शतकाच्या आरंभी जे नवे वळण लागले, त्याचे श्रेय ज्या मोजक्या लेखकांना द्यावे लागते त्यांत कॅथरीन मॅन्सफील्ड हिची गणना होते. तिला उणेपुरे चौतीस वर्षांचे आयुष्य लाभले. तिने आत्मचरित्र लिहिले नाही. तथापि तिच्या उत्तम कथा म्हणजे तिच्या बालपणाचे घरच होय. त्या घरातून बाहेर पडण्यासाठी तिने आकाशपाताळ एक केले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवूनच तिचे चरित्र वाचले पाहिजे.

तिचा जन्म न्यूझीलंडमधील वेलिंग्टन शहरी १४ ऑक्टोबर १८८८ रोजी झाला. मूळ नाव कॅथलीन मॅन्सफील्ड बीचम. वडील हॅरोल्ड बीचम हे व्यापारात स्वकर्तृत्वाने वर आलेले गृहस्थ. पुढे ते बँक ऑफ न्यूझीलंडचे अध्यक्ष झाले. चार बहिणी आणि सर्वांत धाकटा भाऊ लेस्ली, असा परिवार होता. १८९३ साली हे कुटुंब शहराबाहेर करोरी येथे राहावयास गेले व पाच वर्षे तेथे राहिले. ही पाच वर्षे तिला जन्मभर पुरली.

१९०३ साली वडिलांनी मुलींना शिक्षणार्थ लंडनच्या क्वीन्स कॉलेजात घातले. तीन वर्षांनी ती परतली ती मन तिकडेच ठेवून. वेलिंग्टन तिला खुजे वाटू लागले. अखेर १९०८ साली वर्षास १०० पौंडांची नेमणूक वडिलांकडून पदरात पाडून ती पुन्हा लंडनला गेली. मायदेशाचे दर्शन तिला त्यानंतर घडले नाही.

लंडनमधील पहिली वर्षे दुःखाची होती. १९०९ साली एका गायनशिक्षकाशी विवाह करून ती तत्काळ त्याला सोडून गेली. आई न्यूझीलंडहून धावून आली, मुलीला बव्हेरियातील एका आरोग्यस्थानी पोचवून परतली, आणि घरी गेल्यावर तिने आपल्या मृत्युपत्रातून तिचे नाव काढून टाकले. बव्हेरियात तिचा गर्भपात झाला. या गोष्टी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९११ साली निघालेल्या तिच्या पहिल्या पुस्तकातील बोचरेपणाचे मूळ याच दिवसांत आहे. त्याच वर्षी संपादक व टीकाकार जॉन मिडलटन मरी यांच्याशी तिचा परिचय झाला. १९१८ साली ती दोघे विवाहबद्ध झाली. लंडनच्या साहित्यिक मंडळींत तिची ऊठबस होती खरी, परंतु त्यांच्या लेखी ती वसाहतीतून आलेली मुलगीच राहिली, आणि ही जाणीव तिलाही सुटली नाही.

१९१५ साली लेस्ली लष्करी शिक्षणासाठी इंग्लंडात आला. बहीणभावांनी बसून लहानपणीच्या आठवणी काढल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात बेल्जियममध्ये हातबॉम्ब स्वतःच्याच हाती फुटून तो मरण पावला. वय अवघे एकवीस. या आघाताने तिची लेखणी पालटली. ज्या देशाकडे तिने पाठ फिरवली होती, त्याचे आपण देणे लागतो असे तिला वाटू लागले. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बाँदोल येथे १९१६ च्या आरंभी ती हे देणे फेडावयास बसली. त्यातून सिद्ध झालेली ‘प्रिल्यूड’ ही दीर्घकथा लिओनार्ड व व्हर्जिनिया वुल्फ या दांपत्याने १९१८ साली आपल्या घरगुती छापखान्यात हाताने खिळे जुळवून छापली. कथेत घडते काय, तर एक कुटुंब घर बदलते. गाडीत जागा नाही म्हणून दोन लहान मुली मागे राहतात, आणि नव्या घराच्या आवारात एक काटेरी झाड असते, ते शंभर वर्षांतून एकदाच फुलते असे आई सांगते. एवढेच! परंतु ज्यांचे जुने घर कायमचे सुटले आहे, अशा वाचकास या कथेचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही.

केवळ जुन्या घराचे गोडवे गाणारी ती लेखिका असती तर आज तिचे स्मरण करण्याचे कारण नव्हते. १९२१ साली, क्षयाने पोखरलेली असता, स्वित्झर्लंडमध्ये तिने ‘द डॉल्स हाऊस’ ही कथा लिहिली. एका सुखवस्तू घरातील मुलींना खेळण्यातले सुंदर घर भेट मिळते. शाळेतील सगळ्या मुली दोघीदोघींनी येऊन ते पाहून जातात. घरोघर कपडे धुणाऱ्या बाईच्या दोन मुलींना मात्र मज्जाव असतो. आसपास दुसरी शाळा नसल्याने त्या इतरांबरोबर शिकतात, पण त्यांच्याशी कोणी बोलावयाचे नाही असा मोठ्यांचा दंडक. घरातील धाकटी केझिया तो मोडते आणि दोघींना आवारात घेते. इतक्यात मावशी येऊन त्यांना कोंबड्या हाकाव्यात तशी हाकलते. तरीही त्यांतील धाकटीने त्या घरातील इवलासा दिवा तेवढ्यात पाहून घेतलेला असतो. ही केझिया म्हणजे लेखिकाच, आणि ते सुखवस्तू घर बीचमांचे. स्वतः परकेपण सोसलेल्या या बाईने आपल्याच माणसांनी दाराबाहेर ठेवलेल्यांची आठवण ठेवली. ‘त्यांच्या मुलींशी बोलू नका’ हे वाक्य घराघरांत ऐकत वाढलेल्या आपल्या समाजात ही कथा परदेशची म्हणून बाजूस ठेवता येईल, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

१९२२ च्या ऑक्टोबरात ती पॅरिसनजीक फाँतेन्ब्लो येथील गुर्जिएफ यांच्या आश्रमवजा संस्थेत गेली आणि ९ जानेवारी १९२३ रोजी तेथेच तिचे देहावसान झाले. तिचे लेखन तेवढे आपल्या मत्सरास पात्र ठरले, अशी कबुली व्हर्जिनिया वुल्फ यांनी स्वतःच्या दैनंदिनीत दिली आहे.

खाजगी कागदांपैकी शक्य तितके जाळून टाकावे, छापावे ते थोडे, अशी तिची पतीस अंतिम विनंती होती. त्यांनी जवळजवळ सर्व जपून ठेवले. १९२७ साली दैनंदिनी व १९२८ साली पत्रे त्यांनी प्रसिद्ध केली. ती दैनंदिनी सुट्या टिपणांतून निवडून, जुळवून, रुचेल तेवढे ठेवून सिद्ध केलेली होती, आणि तिच्यातून एक सोशिक, साध्वीसारखी मूर्ती उभी राहिली. १९९७ साली मार्गारेट स्कॉट यांनी मूळ वह्या संपूर्ण प्रसिद्ध केल्या, तेव्हा रागावणारी, हिशेब मांडणारी, थट्टा करणारी आणि अर्धवट कथा टाकून नवी सुरू करणारी बाई वाचकांपुढे आली.