पुण्यातली 20 इंची दुर्बीण आणि नेगमवाला सर

भंडाऱ्यात राहण्याचा एक मोठा फायदा आहे. गाडी काढली की अर्ध्या-पाऊण तासात कोका जंगलाच्या बाजूला किंवा पवनीकडे गोसीखुर्दच्या काठावर मस्त काळोख मिळतो. दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काढायची हौस असेल, तर पुण्या-मुंबईच्या पोरांना तुमचा हेवा वाटावा. पण आपल्याकडे हे काम ज्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवलं, त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे?

कावसजी दादाभाई नेगमवाला. जन्म 1857. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून एम.ए. झाले आणि तिथेच भौतिकशास्त्र शिकवू लागले. 1882 मध्ये भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी कॉलेजात आले. पंचविशीतल्या या मास्तराने संधी साधली आणि ताऱ्यांच्या प्रकाशाचं पृथक्करण करणाऱ्या प्रयोगशाळेसाठी पैसे मागितले. महाराजांनी पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारनेही तेवढेच घातले. 1884 मध्ये नेगमवाला खरेदीसाठी इंग्लंडला गेले. तिथल्या जाणत्यांशी बोलल्यावर बेत बदलला. नुसती प्रयोगशाळा कशाला, वेधशाळाच काढू! ती उभी राहिली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत. 1888 पासून काम सुरू झालं. ग्रब कंपनीची ही दुर्बीण 20 इंची आरशाची होती आणि तेव्हा भारतात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती.

पहिलं मोठं काम मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचं. थंडीत मृगाच्या पोटातले बाणाचे तीन तारे बघा, त्यांच्या खाली जो धुरकट ठिपका दिसतो तोच हा. त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा असते. इंग्लंडमधले बडे शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचं म्हणणं असं, की ती मॅग्नेशियमची पट्टी आहे आणि तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या अशनींचे थवे. लॉकियर म्हणजे ‘नेचर’ नियतकालिकाचे संस्थापक. त्यांच्याशी वाकडं घेणं इंग्लंडमधल्यांनाही जड जायचं. नेगमवालांनी पुण्यातून पुन्हा पुन्हा पाहिलं. रेषा दोन्ही बाजूंनी कापल्यासारखी स्वच्छ होती, पट्टीसारखी एका बाजूला विरत जाणारी नव्हती. 1891 मध्ये त्यांनी तसं सरळ छापलं. ही रेषा ऑक्सिजनची, हे कळायला 1927 उजाडलं. पण ती लॉकियर म्हणतात तशी नाही, हे पुण्याची दुर्बीण आधीच सांगून बसली होती.

मग आलं 22 जानेवारी 1898 चं खग्रास सूर्यग्रहण. सावली कोकणातून चढून सोलापूर, वऱ्हाड, वर्ध्यावरून नागपूरकडे येणार होती. जगभरातले लोक इकडे धावले. लॉकियर विजयदुर्गला, अमेरिकेचे कॅम्पबेल करमाळा तालुक्यातल्या जेऊरला, काही इंग्रज आपल्या विदर्भात पुलगावला. नेगमवालांनीही जेऊर धरलं. पुण्यात प्लेगचे दिवस होते, तरी काम थांबलं नाही.

खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. आज आपण फोटो बिघडला तर डिलीट करून दुसरा काढतो. तेव्हा एकेक काचेची प्लेट, तीही आधी भरलेली, क्रमाने लावलेली, एक चुकली की गेली. सूर्य झाकला जाताना त्याच्या कडेचा वर्णपट काही सेकंदच झळकतो आणि नेमका तोच पकडायचा. नेगमवालांनी तो प्लेटवर उतरवला. त्यांचा सविस्तर अहवाल 1902 मध्ये छापला गेला. जाता जाता सांगतो, याच ग्रहणात वऱ्हाडातल्या तळणीला ॲनी माँडर या बाईंनी अगदी छोट्या भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाचा एक लांबच लांब झोत टिपला. त्यामुळे महागडं सामान नाही म्हणून रडणाऱ्यांकडे मी जरा संशयानेच बघतो.

सुरुवात तुम्हीही छोटीच करा. चंद्रापासून. कुणाचीही छोटी दुर्बीण आणि तिच्या डोळ्याच्या भिंगाला क्लॅम्पने घट्ट बसवलेला मोबाइल, एवढं पुरतं. हात लागून फोटो हलू नये म्हणून टायमर लावा. मृगातल्या तेजोमेघासाठी मात्र शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं आणि पृथ्वी फिरत असल्याने तारे रेघांसारखे ओढले जातात. म्हणून दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारं स्टँड हवं, त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखलेला. आपल्याकडे ध्रुव उत्तरेला क्षितिजापासून साधारण 21 अंशांवर, म्हणजे बराच खाली असतो. झाडं-घरं आड येणार नाहीत अशी जागा निवडा. आणि सूर्याकडे, ग्रहण असो वा नसो, फिल्टरशिवाय दुर्बीण वळवायची नाही. डोळा जातो.

नेगमवाला 1912 मध्ये निवृत्त झाले. चोवीस वर्षं वेधशाळा त्यांच्याच जिवावर चालली होती आणि त्यांच्या मागे ती चालवणारं कुणी तयार झालं नव्हतं. सरकारने ती बंद केली. सगळं सामान तमिळनाडूतल्या कोडाइकनालला गेलं. 1938 मध्ये नेगमवाला वारले. त्यांची 20 इंची दुर्बीण कोडाइकनालला पुन्हा आकाशाकडे वळली, तेव्हा देश स्वतंत्र झालेला होता.