तंबाखूच्या पानाचा रस गाळता गाळता त्याला व्हायरस सापडला, पण डोळ्यांनी कधीच दिसला नाही

2020 चा लॉकडाऊन आठवतोय? तेव्हा जुन्नर, संगमनेर पट्ट्यातल्या टोमॅटोवर रोग पडला होता. फळावर रंगीत चट्टे दिसायचे म्हणून लोकांनी त्याला ‘तिरंगा व्हायरस’ म्हणायला सुरुवात केली. मग टोमॅटो खाल्ला की माणसालाही रोग होतो, अशी अफवा सुटली आणि आधीच अडचणीत असलेला शेतकरी आणखी घाबरला.

झाडाचा व्हायरस माणसाला आजारी पाडत नाही. पण झाडालाही व्हायरस होतो हे मुळात कळलं कसं? त्यासाठी जावं लागतं नेदरलँड्सला.

मार्टिनस बायरिंक यांचा जन्म 1851 चा, अॅमस्टरडॅमचा. वडील तंबाखूचे व्यापारी. धंदा बुडाला आणि घराला वाईट दिवस आले. पोरगं मात्र हुशार निघालं. शिकलं, 1877 साली डॉक्टरेट मिळवली आणि वागेनिंगनच्या शेतकी शाळेत मास्तर झालं.

तिथं त्यांचे सहकारी होते अॅडॉल्फ मायर. तंबाखूच्या पानांवर हिरवे-पिवळे ठिपके पडणारा एक रोग तेव्हा शेतकऱ्यांना छळत होता. मायर यांनी रोगट पानं वाटली, रस काढला आणि काचेच्या बारीक नळीने तो निरोगी झाडाच्या पानात टोचला. दहातली नऊ झाडं आजारी पडली. म्हणजे रोग रसातून पसरत होता. पण जंतू काही सापडेना. बायरिंक यांनीही सूक्ष्मदर्शकातून शोधलं, त्यांच्याही हाती काही लागलं नाही.

पुढं ते डेल्फ्टच्या यीस्ट बनवणाऱ्या कारखान्यात गेले. 1888 मध्ये त्यांनी कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठीतले जीवाणू वेगळे केले. मोठं नाव झालं. 1895 ला डेल्फ्टमध्येच प्राध्यापक झाले. पण तंबाखूचं कोडं डोक्यातून गेलं नव्हतं.

त्यांनी रोगट पानांचा रस चिनी मातीच्या फिल्टरमधून गाळला. या फिल्टरमधून जीवाणू पलीकडे जात नाहीत. तो गाळलेला रस सुईनं खोडात टोचला, तरी नवी पानं ठिपक्यांनी भरली. मग त्या झाडाचा रस दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. साधं विष असतं तर प्रत्येक वेळी पातळ होत संपलं असतं. इथं ते झाडागणिक वाढत होतं. रस उकळला की मात्र त्याची ताकद जायची. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली: हे प्रकरण फक्त झाडाच्या वाढत्या, कोवळ्या भागातच वाढतं. जिवंत पेशीबाहेर ते वाढत नाही.

1898 मध्ये त्यांनी जाहीर केलं की हा जीवाणू नाही, हा जिवंत, संसर्गजन्य द्रव आहे. त्याला त्यांनी नाव वापरलं, व्हायरस.

बऱ्याच जणांना हे पटलं नाही. द्रव कसा जिवंत असेल? त्यातच कळलं की रशियाच्या दिमित्री इव्हानोव्हस्की यांनी 1892 मध्येच गाळलेला रस रोग पसरवतो हे दाखवलं होतं. बायरिंक यांनी पहिलेपणाचा मान त्यांना देऊन टाकला. पण इव्हानोव्हस्की यांना जीवाणूचाच संशय होता. काहीतरी वेगळंच आहे, हे बायरिंक यांनीच ठामपणे मांडलं.

स्वभावानं हा माणूस कडक. विद्यार्थ्यांना त्यांची धास्ती असायची. लग्न केलं नाही, प्रयोगशाळा हाच संसार. 1921 मध्ये निवृत्त होऊन ते खोर्सल गावी राहायला गेले आणि 1 जानेवारी 1931 रोजी वारले.

चारच वर्षांनी, 1935 मध्ये, अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी याच व्हायरसचे स्फटिक मिळवले. 1939 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात तो दिसला. तो द्रव नव्हता, काडीसारखा कण होता. म्हणजे एका बाबतीत बायरिंक चुकले होते. पण हा जीवाणू नाही आणि जिवंत पेशीतच वाढतो, हे दोन्ही खरं ठरलं.

आजही टोमॅटोची एखादी जात रोगाला दाद देते की नाही, हे तपासताना रोगट पानं वाटून रस काढतात. निरोगी रोपाच्या पानावर बारीक खरखरीत पूड भुरभुरतात, रस लावून बोट हलकेच चोळतात आणि पान पाण्यानं धुतात. पुडीमुळं पडलेल्या सूक्ष्म ओरखड्यांतून व्हायरस आत शिरतो. मग रोज रोपावर नजर.

सुईच्या जागी बोट आलं, एवढाच फरक. कल्पना तीच, सव्वाशे वर्षांपूर्वीची.