काचेतला समुद्र आणि फिलिप गॉस

अंबाजोगाईहून समुद्र गाठायचा तर बालाघाट आणि सह्याद्री ओलांडून चारशे किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो. तरी हल्ली मोबाइलवर निळ्या दिव्याखाली डोलणारे प्रवाळ आणि त्यांच्या आडोशाने फिरणारा केशरी-पांढरा क्लाउनफिश पाहिला की, आपल्याही बैठकीत अशी खाऱ्या पाण्याची टाकी असावी असे अनेकांना वाटू लागते. समुद्रापासून इतक्या दूर हे जमेल का? या प्रश्नाचे उत्तर सुमारे १७० वर्षांपूर्वी लंडनमध्ये एका माणसाने खटपट करून शोधले होते. त्यांचे नाव फिलिप हेन्री गॉस. ‘अॅक्वेरियम’ हा शब्द आजच्या अर्थाने लोकांच्या तोंडी बसवला तो त्यांनीच. टाकी घेण्याआधी दुकानदाराचे ऐकावे, पण त्याहून आधी या माणसाची गोष्ट ऐकावी.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वुस्टर येथे झाला आणि बालपण पूल या बंदरगावात गेले. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रे रंगवायचे. घरात पैसा टिकत नसे. समुद्राची ओढ लावली ती आत्या सुसान बेल यांनी. खडकांच्या खळग्यांत चिकटलेली समुद्रफुले त्या मुलाला दाखवत. दिसायला फूल, पण खरे तर प्रवाळाच्या गणगोतातला प्राणी. ती भांड्यात ठेवायची आणि रोज ताजे समुद्राचे पाणी घालायचे, हेही आत्यानेच सांगितले. समुद्र शेजारी असेल तर हे सोपे आहे.

पुढची वीस वर्षे धावपळीची. सतराव्या वर्षी न्यूफाउंडलंडमधील एका व्यापारी पेढीत कारकुनी, मग कॅनडात तीन वर्षे फसलेली शेती, अलाबामात काही महिने शाळामास्तरकी, १८३९ मध्ये रिकाम्या हाताने परत. जमैकात दीड वर्ष राहून पक्ष्यांचा अभ्यास केला, तेव्हा कुठे निसर्गलेखक म्हणून नाव झाले. १८४८ मध्ये एमिली बोव्स यांच्याशी लग्न झाले आणि दुसऱ्या वर्षी मुलगा एडमंड. लिहून लिहून प्रकृती ढासळली, म्हणून १८५२ च्या सुरुवातीला हे कुटुंब हवापालटासाठी डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले. तिथे गॉस ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उतरून दगड उलटू लागले. इल्फ्राकोम्बजवळ त्यांना लाल-सोनेरी रंगाचे एक लहानसे प्रवाळ मिळाले, जे विज्ञानाला नवे होते. कुतूहल इतके की समुद्रफुले शिजवून खाऊनही पाहिली!

एक फरक इथेच लक्षात घ्यावा. गॉस यांची प्रवाळे थंड पाण्यातली होती. ती पाण्यातले बारीक जीव पकडून पोट भरतात. त्यांना उजेड लागत नाही. आपण मोबाइलवर पाहतो ती प्रवाळभित्तीची प्रवाळे उष्ण समुद्रातली. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते आणि त्या शैवालाने उजेडात तयार केलेल्या अन्नावर ती मोठ्या प्रमाणात जगतात. म्हणून त्यांना भारी दिवे लागतात आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो.

टाकीतले पाणी न बदलता जीव जगवण्याचा विचार त्या काळात एकट्या गॉस यांचा नव्हता. अॅना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीहून काही प्रवाळे बरणीत घालून लंडनला आणली होती. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसे. पुढे त्यांनी पाण्यात समुद्री वनस्पती ठेवल्या आणि हे काम हलके झाले. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये गोड्या पाण्यात मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती यांचा मेळ बसवून दाखवला. गॉस यांनी तेच सागरी जिवांवर करून पाहिले, आणि मुख्य म्हणजे सामान्य वाचकाला कळेल असे लिहिले. मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यातले पुष्कळ सागरी प्राणी गॉस यांनी पुरवले होते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चे. म्हणजे ही कल्पना आपल्या किनाऱ्यावर पक्की व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

खरी अडचण होती पाण्याची. लंडनपर्यंत समुद्राचे पाणी पिंपांतून आणणे महाग पडे आणि वाटेत ते खराबही होई. १८५४ मध्ये गॉस यांनी ब्रायटनच्या समुद्रपाण्याचे रासायनिक विश्लेषण समोर ठेवले आणि थेट कृतीच बनवली. आजच्या मापात सांगायचे तर साडेचार लिटरहून किंचित कमी पाण्यात सुमारे १०० ग्रॅम मीठ, ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट, १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. या पाण्यात आधी फक्त समुद्री वनस्पती टाकल्या, आठवड्याहून अधिक काळ वाट पाहिली आणि मगच प्राणी सोडले. ते जगले. लवकरच लंडनमधला एक रसायनविक्रेता ही क्षारांची पुडी तयार करून विकू लागला. आज आपण ऑनलाइन मागवतो ती ‘मरीन सॉल्ट’ची बादली या पुडीचीच नात.

पण ही कृती जशीच्या तशी अंबाजोगाईत वापरू नका. गॉस यांनी त्यात कॅल्शियम मुद्दाम घातले नव्हते, कारण तिकडच्या साध्या पाण्यातच चुना भरपूर होता. आपण मात्र आधी आरओचे पाणी घेतो आणि ते घ्यावेच, कारण बोअरच्या पाण्यातले नायट्रेट आणि सिलिकेट टाकीत शेवाळाचे रान माजवतात. त्या शुद्ध पाण्यात चुना जवळजवळ उरत नाही आणि चुन्याशिवाय प्रवाळाचा सांगाडा वाढत नाही. म्हणून कॅल्शियम असलेले तयार क्षारमिश्रणच हवे. क्षारता दर लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, तापमान २४ ते २७ अंश. उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडते, पण त्यातले मीठ उडत नाही. भर घालायची ती खाऱ्या पाण्याची नव्हे, शुद्ध गोड्या पाण्याची. आणि आरओ यंत्र एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. मांजरा धरणाच्या पातळीकडे डोळे लावून बसणाऱ्या आणि २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आलेले पाहिलेल्या आपल्या भागात ते पाणी मोरीत सोडून देणे शोभत नाही. फरशी पुसायला, संडासात टाकायला ते चालते.

आठवडाभर थांबण्यामागचे खरे कारण गॉस यांनाही ठाऊक नव्हते. वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात, एवढाच त्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात त्या वनस्पतींबरोबर आणि दगडांबरोबर जिवाणूही येत होते. माशांच्या विष्ठेतून निघणारा विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये बदलतो, तो या जिवाणूंमुळे. हा उलगडा १८७७ पासून पुढच्या काही वर्षांत झाला आणि तो करणाऱ्यांमध्ये वॉरिंग्टन यांचाच मुलगा होता, त्याचेही नाव रॉबर्ट. बापाने टाकीतला समतोल दाखवला, मुलाने शेतातल्या मातीत त्याचे कारण शोधले. नव्या टाकीत हे जिवाणू रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकी रिकामी दिसते, घरचे विचारतात, पाहुणे हसतात. बहुतेक नवखे इथेच घाई करतात आणि पहिले मासे मरतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची चाचणी हातात पडेपर्यंत एकही मासा आणू नये. टाकी छोटी असेल तर सोपी पडेल हाही गैरसमज. पाणी कमी असेल तर चूक लगेच अंगाशी येते. दोनशे लिटरच्या आसपासची टाकी नवशिक्याला जास्त सांभाळून घेते.

१८५६ हे वर्ष गॉस यांच्यासाठी मानाचे होते, रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्याच वर्षी मिळाले. त्याच वसंतात एमिली यांना स्तनात गाठ लागली. नामवंत शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी लगेच शस्त्रक्रिया सुचवली. भूल देण्यास सुरुवात होऊन जेमतेम दहा वर्षे झाली होती आणि जंतुनाशकांचा वापर अजून यायचा होता, हे लक्षात घेतले तर पती-पत्नीची भीती समजू शकते. लंडनमध्ये जेसी वेल्डन फेल नावाचा एक अमेरिकन डॉक्टर चाकू न लावता गुप्त मलमाने कर्करोग बरा करण्याचा दावा करत होता. ते त्याच्याकडे गेले. नायट्रिक अॅसिडने कातडी जाळायची, चरे पाडायचे आणि त्यांत मलम भरायचे, असा तो उपचार. गाठ वरून गळून पडली, रोग आत पसरला होता. एमिली ज्या खोलीत राहून हे सोसत होत्या, तिथे सोबतीला सात वर्षांचा एडमंड होता. १० फेब्रुवारी १८५७ रोजी त्या गेल्या. त्या मलमात झिंक क्लोराइड आणि एका वनस्पतीचा दाहक अर्क होता. तशीच मलमे आजही ‘नैसर्गिक’ म्हणून इंटरनेटवर विकली जातात. गाठ गळून पडली म्हणजे कर्करोग गेला, असे होत नाही.

त्याच वर्षी गॉस यांनी श्रद्धा आणि भूगर्भशास्त्र यांचा मेळ घालणारे ‘ओम्फॅलोस’ हे पुस्तक काढले. ते श्रद्धाळूंनाही पटले नाही आणि वैज्ञानिकांनाही नाही. मुलाला घेऊन ते डेव्हनच्या सेंट मेरीचर्चमध्ये कायमचे राहायला गेले आणि तिथे ब्रिटिश समुद्रफुले व प्रवाळे यांवरचा मोठा ग्रंथ पुरा केला.

दरम्यान, त्यांनी लावलेले वेड हाताबाहेर गेले होते. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठल्याने टाक्या स्वस्त झाल्या होत्या, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती आणि हातात गॉस यांची पुस्तके होती. शहरातून आलेल्या झुंडी हातोडी-छिन्नी घेऊन खडक खरवडू लागल्या. गोळा केलेले बहुतेक प्राणी काही दिवसांत घरच्या काचेत कुजले. जे खळगे गॉस यांनी वाचकांसमोर उभे केले होते, ते ओस पडले. वडिलांना याचे किती दुःख होते, ते एडमंड यांनी १९०७ मध्ये आपल्या आठवणींच्या पुस्तकात नोंदवले.

आपल्याकडे त्यावर कायद्याचा पहारा आहे. प्रवाळभित्ती बांधणारी सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून खिशात घातलेला मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही गुन्हा ठरू शकतो. ‘सगळे चालते’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून कागद मागा. कागद नसेल तर माल घेऊ नका. सुरुवात प्रवाळाशिवाय करावी हे उत्तम: साधे चुनखडीचे किंवा सिरॅमिकचे दगड आणि बंदिस्त पैदाशीतून आलेली क्लाउनफिशची जोडी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ही पैदास भारतात यशस्वी केली आहे. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंप आधी घ्या, दिवे नंतर.

हाताला जखम असेल तर हातमोज्याशिवाय टाकीत हात घालू नये. मायकोबॅक्टेरियम मरीनम या जंतूमुळे बोटांवर, हातावर महिनोन्‌महिने न जाणाऱ्या गाठी येतात. डॉक्टरांना घरात टाकी असल्याचे सांगितले नाही तर निदान चुकते. टाकीतले दगड कधीही उकळू नयेत. त्यांवरच्या काही झोअँथिड जिवांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते आणि त्याची वाफ श्वासात जाऊन परदेशात घरेच्या घरे रुग्णालयात पोचली आहेत.

गॉस यांनी १८६० मध्ये एलायझा ब्राइटवेन यांच्याशी दुसरे लग्न केले. उतारवयात ऑर्किडे वाढवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली रोटिफर नावाचे बारीक जलजीव पाहिले. त्यांवरचा ग्रंथ १८८६ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी निघाला. शेवटचा छंद आकाशाचा. हिवाळ्यातल्या एका रात्री उघड्या खिडकीशी दुर्बीण लावून बसले असता थंडी बाधली, छाती भरली आणि ते दुखणे पुन्हा हटले नाही. २३ ऑगस्ट १८८८ रोजी सेंट मेरीचर्च येथे त्यांचे निधन झाले.