निकोला टेस्ला: रिमोटच्या विमानांची लढाई ज्याच्या होडीपासून सुरू झाली

संक्रांतीला अकोल्यात किंवा अमरावतीत गच्चीवर उभं राहून पेच लढवला असेल, तर आरसी कॉम्बॅट समजायला तुम्हाला दोन मिनिटं लागतील. रिमोटवर चालणारं फोमचं छोटं विमान घ्यायचं आणि त्याच्या शेपटीला आठ-दहा मीटर लांब कागदी पट्टी बांधायची. समोरच्याच्या विमानालाही तशीच पट्टी. आपल्या विमानाच्या पंख्याने किंवा पंखाने त्याची पट्टी कापायची आणि आपली वाचवायची. कापली की गुण. म्हणजे आपलं ओ काटच, फक्त मांजाशिवाय. नायलॉन मांजावर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली, तरी दर जानेवारीत गळा कापल्याच्या बातम्या येतातच. इथे निदान कागद तरी आहे.

पण पतंगात आणि यात एक मोठा फरक आहे. पतंगाला दोरा असतो. चक्री ज्याच्या हातात, पतंग त्याचा. विमानाला दोरा नाही. वर एकाच वेळी सहा विमानं घोंघावतायत, खाली सहा जण सहा रिमोट घेऊन उभे आहेत. कोणत्या विमानाने कोणाचं ऐकायचं?

हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी ज्याला छळत होता, त्याचं नाव आज आपण एका इलेक्ट्रिक गाडीमुळे ओळखतो. निकोला टेस्ला. वायरीशिवाय दुरून चालणारं पहिलं वाहन त्याने बनवून लोकांना दाखवलं. ते विमान नव्हतं, होडी होती.

भुंगेऱ्यांची मोटर आणि छत्रीची उडी

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा, स्मिल्यान नावाच्या खेड्यातला. हे खेडं तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आज क्रोएशियात आहे. वडील सर्बियन चर्चमध्ये धर्मगुरू. आई फार शिकलेली नव्हती, पण घरकामाची अवजारं स्वतः तयार करायची. आपलं डोकं आईकडून आलं असं तो पुढे मानायचा.

लहानपणी त्याने एक इंजिन बनवलं होतं. हुमणीचे भुंगेरे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना चांगलेच माहीत आहेत. त्याच जातकुळीतले चार भुंगेरे पकडून त्याने एका फिरत्या आडव्या काडीला चिकटवले. ते उडायला बघायचे आणि काडी गरागरा फिरायची. ती फिरली की तिला जोडलेली चकती फिरायची. मग एक दिवस दुसरा एक मुलगा आला आणि बरणीतले जिवंत भुंगेरे त्याने खाऊन टाकले. टेस्लाने नंतर आयुष्यात किड्याला हात लावला नाही. उडायचं वेडही तेव्हापासूनच होतं. छत्री उघडून तो उंचावरून उडी मारून मोकळा झाला आणि जबर आपटला.

ब्रशच्या ठिणग्या

१८७५ मध्ये तो ग्राझच्या तंत्रशाळेत गेला. तिथे वर्गात एक डीसी यंत्र चालवून दाखवलं जात होतं आणि त्याच्या ब्रशमधून सारख्या ठिणग्या उडत होत्या. ब्रश काढून टाकता येतील, असं टेस्ला म्हणाला. ते अशक्य आहे हे प्राध्यापकांनी अख्ख्या वर्गासमोर पटवून दिलं. पुढची काही वर्षं तो विषय त्याच्या डोक्यातून गेला नाही. १८८२ मध्ये बुडापेस्टच्या बागेत मित्रासोबत फिरताना उत्तर सापडलं: चुंबकीय क्षेत्रच फिरवायचं, म्हणजे ब्रशची गरज उरत नाही.

इथे जरा थांबू. आरसी विमानाच्या नाकावरची ती छोटी ब्रशलेस मोटर पाहिली आहे? तिला तीन वायरी असतात. ईएससी नावाचं सर्किट त्या तीन वायरींमधून आळीपाळीने करंट सोडतं, आतलं चुंबकीय क्षेत्र फिरतं आणि त्याच्या मागे चुंबक लावलेला भाग फिरतो. टेस्लाची मोटर रचनेने वेगळी होती, पण फिरणाऱ्या क्षेत्राची कल्पना हीच. पट्टी कापणारा पंखा या कल्पनेवर फिरतो.

१८८४ मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला. एडिसनच्या कंपनीत काही महिने काम केलं, तिथे जमलं नाही. मग स्वतःची कंपनी काढली, तर भांडवल घालणाऱ्यांनी त्यालाच बाहेर काढलं. १८८६-८७ च्या काळात या माणसाने पोटासाठी रस्त्यावर खड्डे खणले. १८८८ मध्ये वेस्टिंगहाऊसने त्याच्या एसी मोटरचे हक्क घेतले तेव्हा दिवस पालटले. १८९६ मध्ये नायगाऱ्याची वीज बफेलो शहरात पोचली. हा भाग बहुतेकांना माहीत असतो, म्हणून इथे लांबवत नाही.

१८९८: पाण्याची टाकी आणि सव्वा मीटरची होडी

मार्च १८९५ मध्ये त्याची प्रयोगशाळा जळून खाक झाली. यंत्रं गेली, नोंदी गेल्या. त्याच सुमारास आपल्याकडे कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस भिंतीपलीकडून रेडिओ लहरींनी घंटा वाजवून दाखवत होते. लहर दूरवर काहीतरी घडवू शकते, हे तोवर कळलं होतं. टेस्लाला त्याच्या पुढे जायचं होतं. घंटा नुसती वाजते. त्याला चालणारी, वळणारी, थांबणारी वस्तू हवी होती.

१८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या विजेच्या प्रदर्शनात त्याने मोठ्या टाकीत लोखंडी होडी सोडली. लांबी सुमारे सव्वा मीटर. आत बॅटरी, पंखा फिरवायला एक मोटर, सुकाणू वळवायला दुसरी, वर दिवे आणि अँटेना. टेस्ला बाजूला उभा राहून एका पेटीवरची मूठ हलवायचा आणि होडी वळायची. लोकांचा विश्वासच बसेना. कोणी म्हणालं हा मनाच्या शक्तीने चालवतोय, कोणी म्हणालं आत शिकवलेलं माकड आहे. बघ्यांनी ६४ चं घनमूळ विचारलं आणि होडीचे दिवे चार वेळा लुकलुकले, असंही सांगतात. उत्तर अर्थातच टेस्ला देत होता.

आतली युक्ती अशी. लहरी पकडायला धातूच्या भुकटीची छोटी डबी होती. लहर आली की भुकटीतून करंट वाहायला लागायचा. पण एकदा वाहू लागला की तो थांबत नसे. म्हणून प्रत्येक सिग्नलनंतर डबी आपोआप उलटायची आणि भुकटी मोकळी व्हायची. प्रत्येक सिग्नलला एक चकती एक घर पुढे सरकायची आणि डावीकडे, थांब, उजवीकडे, थांब अशा ठरलेल्या क्रमाने हुकूम लागू व्हायचे. आत्ता डावीकडे जाऊन झालंय आणि पुन्हा डावीकडेच जायचंय? मधले हुकूम ओलांडूनच जावं लागेल. हसू नका. १९५० च्या सुमाराची कित्येक हौशी आरसी विमानं रबरबँडवर सरकणाऱ्या अशाच चकतीवर उडत होती.

८ नोव्हेंबर १८९८ ला त्याला पेटंट मिळालं, क्रमांक ६१३८०९. त्यात फक्त होडी नाही, कोणतंही वाहन येतं.

दुसऱ्याने हुकूम दिला तर?

त्या वर्षी अमेरिकेचं स्पेनशी युद्ध चालू होतं. स्फोटकं भरलेली, माणूस नसलेली होडी शत्रूच्या जहाजावर सोडता येईल, हे टेस्लाला लगेच दिसलं. असं शस्त्र सगळ्यांकडे आलं की युद्ध करण्यात अर्थच उरणार नाही, असंही त्याला वाटायचं. अमेरिकी नौदलाने ती कल्पना उचलली नाही. आणि युद्ध थांबण्याबद्दल तो साफ चुकला, हे बातम्या बघणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

पण दुसरी गोष्ट त्याने अचूक हेरली होती. होडी जर कोणत्याही लहरीला भुलत असेल, तर शत्रूही तिला हुकूम देऊ शकतो, किंवा नुसता गोंगाट करून तिला बहिरी करू शकतो. त्यामुळे यंत्र लांबून चालवणं हा अर्धाच प्रश्न सुटला होता. त्याने एकाचंच ऐकावं, हा उरलेला अर्धा. १९०० मध्ये त्याने यावर अर्ज केले आणि १९०३ मध्ये दोन पेटंटं मिळाली. कल्पना कुलपासारखी होती: दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी एकत्र आल्या तरच यंत्र हलेल, एकच आली तर ढिम्म. माझ्या मते टेस्लाचं हे काम त्याच्या मोठमोठ्या विजेच्या कडकडाटापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, पण त्याचे फोटो चांगले येत नाहीत, म्हणून रील्समध्ये ते दिसत नाही.

हा प्रश्न हौशी लोकांनाही पुढे शंभर वर्षं पुरला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी गफ नावाचं रेडिओवरचं मॉडेल विमान उडवलं. ते आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्यानंतर मैदानं भरली आणि भांडणंही सुरू झाली. जुन्या रिमोटमध्ये ठरावीक चॅनेलचा क्रिस्टल असायचा. दोघांनी एकाच चॅनेलवर रिमोट चालू केला की विमान खाली. म्हणून मैदानावर कपड्यांच्या चिमट्यांसारख्या चिमट्यांचा बोर्ड असे. ज्याच्याकडे त्या चॅनेलचा चिमटा, त्यानेच रिमोट चालू करायचा.

आता २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आले. तुमचे ब्लूटूथ इअरफोन याच पट्ट्यात चालतात, आणि शेजारच्याचं गाणं तुमच्या कानात येत नाही. कारण तुमचा फोन आणि इअरफोन सेकंदाला १६०० वेळा एका चॅनेलवरून दुसऱ्यावर उडी मारतात आणि उड्यांचा क्रम त्या दोघांनाच माहीत असतो. आरसीचे बरेच रिमोटही अशाच उड्या मारतात. रिसीव्हर रिमोटला बाइंड करणं म्हणजे हीच ओळख पटवणं. म्हणूनच सहा विमानं एकत्र लढू शकतात. युक्रेनच्या युद्धात मात्र जॅमिंग इतकं वाढलं की काही ड्रोन मागे काचेची बारीक ऑप्टिकल फायबर सोडत जातात. फिरून पुन्हा दोऱ्यावर!

वऱ्हाडात सुरुवात करायची तर

थेट लढाईने सुरू करू नका. आधी सिम्युलेटरवर बोटं बसवा. विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना डावं-उजवं उलटं वाटतं, तिथेच सगळे पडतात. मग पंख वर असलेलं साधं चार चॅनेलचं ट्रेनर, शक्यतो जाणत्या माणसासोबत. हात बसला की ईपीपी फोमचं विमान. ते आपटून वाकतं, लवकर तुटत नाही, आणि लढाईत आपटणं ठरलेलंच आहे.

फेलसेफ लावल्याशिवाय उडवू नका. टेस्लाच्या होडीचा सिग्नल गेला तर शेवटचा हुकूम चालूच राहणार. टाकीत ते खपून गेलं असतं. तुमच्या विमानाचा सिग्नल गेला तर मोटर बंद झालीच पाहिजे, आणि ती होते का हे जमिनीवर, विमान घट्ट धरून, रिमोट बंद करून तपासायचं. लिपो बॅटरी अकोल्याच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवायची नाही. फुगते आणि पेटूही शकते. उडवायला सकाळची वेळ आणि पीक निघालेलं मोकळं वावर बरं, बघे सगळे पायलटच्या मागे.

आणि जागा. ड्रोन नियम २०२१ मॉडेल विमानांनाही लागू आहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमानं सुटतात, त्यामुळे बडनेऱ्याकडच्या मुलांनी, आणि शिवणीजवळच्या अकोलेकरांनीही, आधी सरकारी डिजिटल स्काय नकाशा बघावा.

हॉटेलातली खोली

टेस्लाच्या पुढच्या आयुष्यात उतरणच जास्त आहे. १९०१ मध्ये सुरू केलेला वॉर्डनक्लिफचा मनोरा पैसे संपल्याने अर्धवट राहिला आणि १९१७ मध्ये पाडला गेला. उडायचं वेड मात्र टिकलं. १९२८ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, सरळ वर उठून मग आडवं उडणाऱ्या विमानाचं पेटंट त्याला मिळालं. ते बनवायला त्याच्याकडे पैसे नव्हते. हॉटेलांची बिलं थकायची, मग तो दुसऱ्या हॉटेलात जायचा. कबुतरांना दाणे घालणं चुकवायचा नाही.

७ जानेवारी १९४३ ला न्यूयॉर्कर हॉटेलच्या ३३२७ क्रमांकाच्या खोलीत तो एकटाच गेला. वय ८६. त्याच काळात अमेरिकेतल्या कारखान्यांतून रेडिओवर उडणारी हजारो छोटी विमानं बाहेर पडत होती, तोफखान्याच्या पोरांना नेम शिकवायला. जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनीच्या रेडिओ पेटंटमधले महत्त्वाचे दावे रद्द केले. ज्यांचं काम त्याच्या आधीचं ठरलं, त्या नावांत टेस्लाचंही होतं. तो निकाल लागला तेव्हा त्याला जाऊन साडेपाच महिने झाले होते.