अहिल्याबाई : राज्यकर्ती आणि माता

परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्याबाई होळकर या मुलखाला परक्या नव्हत्या. बीड जिल्ह्याच्या सीमेनजीक, जामखेड तालुक्यातील चौंडी हे त्यांचे माहेर. तेथील पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी १७२५ मध्ये त्यांचा जन्म झाला. पुढे त्या होळकरांच्या सून झाल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव निवर्तले. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले, तेव्हा कन्या मुक्ताबाई आईची विनवणी न मानता सती गेली. अवघी दौलत हाती असूनही मातेला लेक वाचविता आली नाही.

तरीही त्यांचा हात आखडला नाही. घाट, विहिरी, धर्मशाळा यांचा खर्च त्यांनी दौलतीच्या तिजोरीवर न टाकता आपल्या खासगीतून केला. महेश्वरी त्यांनी विणकर वसविले. म्हणजे दानाबरोबर रोजगारही दिला. अर्थशास्त्राच्या अभ्यासकास हा विवेक विशेष मोलाचा वाटतो. १७९५ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

आज बीडच्या सहस्रावधी माता दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. लेकरांची शाळा सुटते. अहिल्याबाईंचा वारसा जयंतीच्या हारतुऱ्यांत नाही. या लेकरांसाठी गावोगावी वसतिगृहे नीट चालविणे, हाच तो वारसा होय.