हिमकणांचा छायाचित्रकार

मुलांनो, उन्हाळ्याच्या तोंडी अवकाळी पाऊस आला की कधी कधी गारा पडतात. अंगणात धावत जाऊन तुम्हीही त्या वेचल्या असतील. मुठीत धरलेली गार घरात येईपर्यंत पाणी होऊन जाते. उर्दूत आपण गारांना ‘ओले’ म्हणतो आणि बाकी सगळ्याला बर्फच म्हणतो. सरबतात घालतो तोही बर्फ आणि काश्मीरमध्ये आकाशातून पडतो तोही बर्फ. मराठीत मात्र आकाशातून कापसासारख्या अलगद उतरणाऱ्या बर्फाला ‘हिम’ असा वेगळा शब्द आहे. या पाठात तो पुन्हा पुन्हा येईल, म्हणून आधीच सांगितले.

गार विरघळते, पण ती निदान डोळ्यांना नीट दिसते. हिमाचा एक कण त्याहून कितीतरी लहान आणि पातळ असतो. आपला श्वास लागला तरी तो नाहीसा होतो. अशा कणाचे चित्र कायमचे धरून ठेवायचे, असे एका शेतकऱ्याच्या मुलाने ठरवले. त्याचे नाव विल्सन बेंटले.

अमेरिकेच्या ईशान्य भागात व्हरमाँट नावाचे डोंगराळ राज्य आहे. तेथील जेरिको या गावी ९ फेब्रुवारी १८६५ रोजी विल्सनचा जन्म झाला. घरी शेती आणि दुभत्या गाई होत्या. हिवाळ्यात तेथे शंभर इंचांहून अधिक हिम पडते. विल्सनची आई लग्नापूर्वी शिक्षिका होती. चौदा वर्षांचा होईपर्यंत तिनेच त्याला घरी शिकवले. शिकवण्याच्या दिवसांतले एक जुने सूक्ष्मदर्शक यंत्र तिने जपून ठेवले होते. आपण त्याला खुर्दबीन म्हणतो. विल्सन पंधरा वर्षांचा झाला तेव्हा तिने ते यंत्र त्याच्या हाती दिले.

त्याने पाण्याचे थेंब पाहिले, दगडांचे तुकडे पाहिले, पक्ष्यांची पिसे पाहिली. मग एके दिवशी हिमाचा कण पाहिला आणि बाकीचे सारे मागे पडले. त्या इवल्याशा कणाला सहा बाजू होत्या. प्रत्येक बाजूला नाजूक फांद्या फुटलेल्या होत्या आणि त्यांवर जणू जाळीचे नक्षीकाम केलेले होते. पाणी गोठताना त्याचे अतिसूक्ष्म कण षट्कोनात रचले जातात, म्हणून हिमकणाला सहा बाजू येतात. हे कारण आज आपल्याला ठाऊक आहे. विल्सनला तेव्हा एवढेच समजले, की आपण जे पाहिले ते दुसऱ्या कोणाला दाखवण्यापूर्वीच विरघळून गेले.

त्याने कागद-पेन्सिल घेतली. दोन-तीन हिवाळे तो हिमकणांची चित्रे काढत राहिला. पण एक फांदी काढून होते न होते तोच दुसरी वितळू लागे. चित्र अपुरे राही आणि कण कायमचा जाई.

सूक्ष्मदर्शकाला जोडता येईल असा कॅमेरा असतो, असे त्याने वाचले होते. त्या सगळ्या सामानाची किंमत शंभर डॉलरच्या आसपास होती. त्या काळी तेवढ्या पैशांत गोठ्यातल्या गाई विकत घेता आल्या असत्या. वडिलांना हा सगळा पोरखेळ वाटे. त्यांना दोष देता येईल असे मला वाटत नाही. जे अंगणात ढिगाने पडते आणि फावड्याने उपसून टाकावे लागते, त्याच्या चित्रासाठी कष्टाचे पैसे कोणता शेतकरी घालवील? आईने मुलाची बाजू घेतली. अखेर वडिलांनी मन मोठे करून कॅमेरा घेऊन दिला. मात्र त्यांचे मत बदलले नाही.

कॅमेरा आला म्हणजे काम झाले, असे मुळीच झाले नाही. पहिल्या चित्रांत नुसत्या धूसर सावल्या उमटल्या. असे का झाले असेल? शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही कांद्याचा पापुद्रा पाहिला असेल. स्क्रू थोडासा फिरवला की एक भाग स्पष्ट होतो आणि दुसरा पुसट होतो. वस्तू जितकी मोठी करून पाहावी, तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ होत जातो. विल्सनने खूप प्रयोग केले. शेवटी त्याला उमगले, की भिंगाचे तोंड अगदी बारीक करून थोडाच प्रकाश आत सोडावा आणि काच बराच वेळ उघडी ठेवावी. १५ जानेवारी १८८५ रोजी त्याला हिमकणाचे पहिले स्वच्छ छायाचित्र मिळाले. तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता.

आता त्यांच्या कामाची रीत पाहा. हिम पडू लागले की बेंटले काळी फळी घेऊन बाहेर उभे राहत. फळीवर कण पडले की भिंगातून झरझर नजर फिरवत आणि मोडके कण पिसाने झटकून टाकत. एखादा चांगला कण दिसला, तर बारीक काडीने उचलून काचपट्टीवर ठेवत आणि पिसाच्या टोकाने हलकेच सपाट करत. हे सारे श्वास रोखून करावे लागे. ज्या खोलीत कॅमेरा होता तिथे शेकोटी नसे, कारण खोली गरम झाली तर कण वितळेल. कॅमेरा इतका लांब होता, की मागे उभे राहून पुढच्या स्क्रूपर्यंत हात पोचत नसे. म्हणून त्यांनी दोरी आणि चाके बसवून तो फिरवण्याची सोय केली होती. कण विरघळला की संपले, दुसरी संधी नाही. काही हिवाळ्यांत मोजकीच चित्रे मिळत. १९२८ च्या फेब्रुवारीत मात्र एका वादळात त्यांना शंभराहून अधिक चित्रे मिळाली. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते.

गावकऱ्यांना हा माणूस थोडा विचित्र वाटे. हिम तिथे मातीइतके स्वस्त, त्याचे चित्र कोण विकत घेणार? बेंटले लग्नाविना राहिले. वाडवडिलांच्या घरात राहून त्यांनी शेती केली, गाईंची धार काढली आणि रोजच्या हवामानाची नोंद ठेवली. पुढे विद्यापीठे, संग्रहालये आणि शाळा त्यांच्याकडून चित्रांच्या काचा मागवू लागल्या. एका काचेची किंमत ते पाच सेंट घेत. यातून खर्चही निघत नसे.

पावसावरचा त्यांचा एक प्रयोग मला फार आवडतो. पावसाचा थेंब केवढा असतो, हे कसे मोजावे? त्यांनी पसरट भांड्यात चाळलेल्या बारीक पिठाचा इंचभर थर दिला आणि ते काही क्षण पावसात धरले. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी झाली. गोळ्या वाळल्यावर त्यांनी त्या मोजल्या. गोळीवरून थेंबाचा अंदाज बरोबर येतो की नाही, हे त्यांनी आधी ठरावीक मापाचे थेंब टाकून पडताळून घेतले होते. १९०४ मध्ये हे काम छापून आले. यासाठी लागले ते फक्त स्वयंपाकघरातले पीठ.

पण त्यांच्या चित्रांवर एक आक्षेप आला आणि तो लहान नव्हता. बेंटले यांना पांढरा हिमकण काळ्या पार्श्वभूमीवर दाखवायचा असे. त्यासाठी ते मूळ काचेची दुसरी प्रत काढत आणि कणाच्या कडेने चाकूने खरवडून भोवतालचा भाग काळा होईल असे करत. हे काम तासन्‌तास चाले. जर्मनीतील हवामानशास्त्रज्ञ हेलमान यांनी १८९३ मध्ये हिमकणांच्या छायाचित्रांचे पुस्तक काढले होते. त्या चित्रांतील बरेच कण वेडेवाकडे होते. बेंटले चित्रांची कड बदलतात, असे हेलमान यांचे म्हणणे पडले. तुम्हाला काय वाटते? बेंटले मूळ काच तशीच जपून ठेवत, तेव्हा त्यांनी फसवले असे म्हणता येत नाही. पण त्यांनी सुंदर कण निवडले आणि मोडके झटकून टाकले, हे खरेच आहे. त्यांची चित्रे पाहून सगळे हिम असेच रेखीव असते असे कोणी समजला, तर तो चुकेल. आपल्याला पाच हजारांत एकसारखे दोन कण सापडले नाहीत, असे बेंटले सांगत. ही गोष्टही ज्यांची चित्रे निघाली तेवढ्याच कणांपुरती धरावी.

आजचे छायाचित्रकार मुंगीचे डोके किंवा फुलातला परागकण टिपताना वेगळी युक्ती करतात. कॅमेरा केसाएवढा पुढे सरकवत एकाच वस्तूची अनेक चित्रे घेतात. मग संगणक प्रत्येक चित्रातला स्पष्ट भाग निवडून सर्वांचे एक चित्र बनवतो. बेंटले यांच्याकडे एकच काच आणि एकच संधी होती. त्यांच्या बाजूने एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्यांनी निवडलेले हिमकण बहुधा चपटे असत.

१९३१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्यात सुमारे २४०० चित्रे होती. मजकूर हवामान खात्यातील हम्फ्रीज यांनी लिहिला होता. पुढच्याच महिन्यात हिमवादळातून सुमारे सहा मैल चालत बेंटले घरी आले. त्यांना न्यूमोनिया झाला आणि २३ डिसेंबरला ते वारले. त्यांच्या हवामानाच्या वहीतली शेवटची नोंद त्याच महिन्याच्या ७ तारखेची आहे.

ते पुस्तक जपानमध्ये नाकाया उकिचिरो या शास्त्रज्ञांच्या हाती पडले. हिमकणाचा आकार तो ज्या हवेतून खाली येतो त्या हवेवर अवलंबून असतो, असा बेंटले यांचा अंदाज होता. नाकाया यांनी तो तपासायचे ठरवले. होक्काइदो बेटावरच्या अतिथंड प्रयोगशाळेत त्यांनी सशाचा एक केस टांगला आणि खालून ओलसर हवा सोडली. १९३६ मध्ये त्या केसाच्या टोकावर माणसाने तयार केलेला पहिला हिमकण फुलला. हवेची थंडी आणि ओलावा बदलला की त्याच्या फांद्याही बदलत होत्या.