भिंतीपलीकडची घंटा

मैत्रिणींनो, जगदीशचंद्र बोस म्हटलं की आपल्याला झाडांचे प्रयोगच आठवतात. पण १८९५ मध्ये कोलकात्यात त्यांनी तारेविना, भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती! लहरी जेमतेम काही मिलिमीटरच्या. त्या ओळखायला गॅलेना खनिजाचा स्फटिक, गोळा करायला नरसाळ्यासारखा अँटेना.

प्रेसिडेन्सी कॉलेजात गोऱ्यांपेक्षा कमी पगार, म्हणून तीन वर्षं त्यांनी तो घेतलाच नाही. १८८७ मध्ये लग्न होऊन आलेल्या अबलाबाईंनी संसार कसा रेटला असेल, ते आपल्यालाच कळेल. शोधातून पैसा नको, हाही हट्ट. सारा बुल या स्नेही बाईंनी पिच्छा पुरवला, म्हणून १९०४ मध्ये स्फटिकाचं अमेरिकी पेटंट तरी झालं.

बोस १९३७ मध्ये गेले. फाइव्ह-जी मोबाइलच्या काही पट्ट्यांत आता तशाच मिलिमीटर लहरी धावतात.